सुटलेलं कलम

कीर्ती सबनीसला टेन्शन आलं की ती तक्ते करायची. कुणी नखं खातं, कुणी दिवसाला चौदा चहा पितं. तिच्या वर्गातला तन्मय तर परीक्षा जवळ आली की दुपारी जेवून जो आडवा व्हायचा तो दिवेलागणीलाच उठायचा, आणि उठल्या उठल्या सगळ्यांना फोन करून सांगायचा की आपण या वर्षी ड्रॉप घेतोय. कीर्तीचं तसलं काही नव्हतं. ती पट्टी काढायची, चार रंगांची पेनं काढायची आणि कागदावर रेघा मारायला बसायची. रेघा सरळ आल्या की छातीतली धडधड कमी व्हायची. अभ्यास किती झाला हा प्रश्न वेगळा, तो तिला कुणी विचारत नसे.

तिचे वडील सुधाकर सबनीस विमा कंपनीत अधिकारी. मूळचे साताऱ्याचे, तीन वर्षांच्या बदलीवर जयपूरला आले आणि सोडाल्याच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बघता बघता अकरा वर्षं झाली. कीर्ती इथंच शिकली आणि इथल्याच एका लॉ कॉलेजात एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला होती. मे महिना संपत आलेला, कूलरमधून ओल्या गवताच्या वासाची गरम हवा येणारी, आणि पाच पेपर. पाच पेपरांचा अभ्यास करायला माणसाला जेवढं आयुष्य लागतं तेवढं विद्यापीठ देत नाही, म्हणून या मुलांनी आपली एक रीत काढली होती. तिला ते बँटवारा म्हणत. एकेकानं एकेक विषय उचलायचा, त्याच्या नोट्स सगळ्यांसाठी काढायच्या, आणि दुसऱ्यानं दिलेल्या नोट्सवर शंका घ्यायची नाही. हा शेवटचा नियम विश्वासातून आलेला नव्हता. शंका घ्यायला कुणाकडे वेळच नव्हता.

यांच्या बँटवाऱ्यात तिघं होती. कीर्ती, तन्मय आणि मनभर दीदी.

मनभर एकोणतीस वर्षांची, लग्न झालेली, कानोत्याच्या पलीकडच्या एका गावातून बस बदलत कॉलेजला यायची. पुराव्याच्या कायद्यात ती दोनदा नापास झाली होती. पहिल्या वेळी जुना कायदा होता. तिनं रट्टा मारून त्याची कलमं पाठ केली आणि तरी गेली. दुसऱ्या वेळेपर्यंत सरकारनं कायदाच बदलला. मजकूर जवळजवळ तोच, आकडे मात्र सगळे इकडचे तिकडे. बाईच्या डोक्यातले जुने आकडे काही निघेनात, आणि ती चार मार्कांनी राहिली. नवा कायदा करणाऱ्यांना अर्थातच मनभरचा पत्ता ठाऊक नव्हता. घरात तिच्या सासऱ्यांनी सांगून टाकलं होतं की ही शेवटची खेप. या वेळी निघाली तर पुढे शीक, नाही तर वकिलीचं खूळ पुरे, घरात म्हशी आहेत आणि माणसंही आहेत.

तेव्हा पुराव्याचा पेपर मनभरला काढायचाच होता, आणि पुराव्याच्या नोट्स बँटवाऱ्यात कीर्तीकडे होत्या.

कीर्तीनं त्या जीव लावून काढल्या. त्यातही तिचा अभिमान होता तो तीन पानी तक्ता. डावीकडे जुन्या कायद्यातलं कलम, मधे विषय, उजवीकडे नव्या कायद्यातला आकडा. पेपरातला पहिला भाग छोट्या प्रश्नांचा असतो, अमुक गोष्ट कोणत्या कलमात आहे ते सांगा, त्याला हा तक्ता म्हणजे हमखास. सुधाकररावांनी तो ऑफिसजवळून लॅमिनेट करून आणला आणि दोघांना देण्यासाठी रंगीत प्रतीही काढल्या. मनभरनं आपली प्रत दोन्ही हातांनी घेतली होती. "एवढं स्वच्छ तर देवाचं नावही कुणी लिहीत नाही," ती म्हणाली. हे ती तिच्या गावाकडच्या हिंदीत म्हणाली. तिचं सगळं बोलणं तसंच, इथं मराठीत सांगायचं एवढंच.

आणि बदल्यात तिनं दिलं तेही कमी नव्हतं. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा तिच्याकडे होता. तिनं वहीच्या पानांवर, वाकड्या अक्षरात, प्रत्येक कलमाला गावातल्या भांडणाचं उदाहरण जोडून दिलं होतं. कुणाची विहीर, कुणाचं गहाण, कुणी दोघांना विकलेलं एकच शेत. मागच्या गुरुवारी तो पेपर झाला तेव्हा कीर्तीला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं होतं की कायदा आपल्याला कळतो.

पुराव्याचा पेपर सोमवारी होता. शनिवारी दुपारी कीर्ती कॉलेजच्या लायब्ररीत बसली होती. एस्टॉपेलचं उत्तर लिहून बघताना कलमाचे मूळ शब्द घालावेत म्हणून तिनं कायद्याचं पुस्तक उघडलं. एस्टॉपेल म्हणजे साधी गोष्ट: आपल्या सांगण्यावर भरवसा ठेवून दुसऱ्यानं पाऊल टाकलं, की मग आपल्याला त्या सांगण्यावरून मागे फिरता येत नाही. तक्त्यात ते होतं एकशे वीसला. पुस्तकात एकशे विसाला दुसरंच काही होतं. एस्टॉपेल होतं एकशे एकविसाला.

छपाईची चूक असेल म्हणून तिनं दुसरी प्रत काढली, मग तिसरी. मग ती बोट ठेवून मागे मागे जाऊ लागली. एकशे एकोणीस चूक, एकशे अठरा चूक, हुंडाबळीचं कलम चूक. एकशे पंधरावर येऊन बोट थांबलं. तिथं जुन्या कायद्यातलं एकशे अकरा-अ होतं, अशांत भागातल्या गुन्ह्यांबद्दलचं. ते कधी विचारत नाहीत. तिनं ज्या सिनियरच्या जुन्या वहीवरून डावा रकाना उतरवला त्या वहीत ते कलम नव्हतंच. जुन्या एकशे अकरापर्यंत तिनं पुस्तकाशी नीट ताडून पाहिलं होतं. आकडे ओळीनं तीन-तीनच्या फरकानं चालले होते, म्हणून पुढचे तिनं ओळीनंच भरून टाकले. त्या दिवशी हात छान चालला होता. हिरव्या पेनाचं टोक नवं होतं.

तिसऱ्या पानावरचं प्रत्येक कलम एकानं चुकलं होतं.

तिनं तिथूनच तन्मयला फोन लावला. तो झोपेतून उठला होता, पण ऐकून ताडकन जागा झाला.

"एक मिळवायचा की झालं ना? करतो मी दुरुस्त," तो म्हणाला.

"आणि मनभर दीदी?"

"तिला सांगू नकोस," तो म्हणाला. "तुला माहितीये ती कशी पाठ करते. मधूनच विचारलं तर तिला येत नाही, पहिल्यापासून गाडी सोडावी लागते. एक हलवलंस तर सगळं ढासळेल. पुढचं तर जाईलच, मागचं बरोबर आहे तेही जाईल."

"पण ते चूक आहे, तन्मय."

"सांगितलंस की तुझं मन हलकं होईल. तिचं काय होईल ते बघ."

हे त्यानं वाईट मनानं म्हटलं नव्हतं, आणि म्हणूनच ते कीर्तीच्या जिव्हारी लागलं. तिला खरंच आपलं मन हलकं करायचं होतं. तिला वाटलं आपण कुठल्या तरी मोठ्या माणसाला सगळं सांगावं आणि त्यानं आपल्याला रागवावं, म्हणजे सुटलो.

संध्याकाळी जेवताना तिनं वडलांना विचारलं, "बाबा, मतलब, पॉलिसीच्या कागदावर तुमच्याकडून चूक झाली, आणि ज्याची पॉलिसी त्याला ते माहीतच नाही, तर काय करतात?"

"कळलं त्या दिवशी कळवायचं," सुधाकरराव भाकरी मोडत म्हणाले. "लेखी. दुरुस्तीचा कागद मागं जोडायचा. मी तीस वर्षं तेच करतोय."

"आणि त्याला क्लेमच उद्या करायचा असला तर?"

"मग तर आधी पळत जायचं." ते हसले. त्यांना वाटलं पोरगी उजळणी करतेय.

"तू आधी दही खा," तिची आई सुहासिनीबाई म्हणाल्या. "चेहरा बघ आरशात कसा झालाय ते. या वकिलीपायी पोरीचं रक्त आटलं."

कीर्तीनं दही खाल्लं आणि ते तिला पचलं नाही.

रविवारी सकाळीच ती निघाली. कानोत्याला उतरून पुढे टमटमनं गाव गाठलं तेव्हा दहा वाजले होते आणि ऊन अंगावर येत होतं. वाटभर तिनं वाक्य जुळवलं होतं: दीदी, माझी चूक झालीय, तिसऱ्या पानावर प्रत्येकात एक मिळवा. एवढंच तर होतं.

घराच्या चौकात नीमच्या सावलीला खाट होती आणि खाटेवर मनभरचे सासरे बसले होते. साफा बांधलेले, मिशा पांढऱ्या, नाकावर चष्मा. त्यांच्या मांडीवर कीर्तीचा तक्ता होता. समोर रसोईच्या दारात, त्यांच्याकडे पाठ करून, हनुवटीपर्यंत घूंघट ओढून मनभर पोळ्या लाटत होती. कीर्ती दिसली तशी तिनं घूंघटातूनच हात हलवला आणि थांब म्हणून खूण केली. ती पाठ म्हणण्याच्या मधोमध होती.

"एकशे चार, पुराव्याचा भार," मनभर म्हणत होती. सूर लावून, पोळपाटावर लाटण्याच्या ठेक्यात. "एकशे पाच..."

सासऱ्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं आणि काठी खाटेच्या खुरावर एकदा वाजवली. टक. पुढचं कलम. टक.

सासूबाई कीर्तीच्या शेजारी येऊन बसल्या. ताकाचा पेला तिच्या हातात देत त्या हळूच म्हणाल्या, "आठ वर्षं झाली हिला या घरात येऊन. आमच्यात सून सासऱ्यासमोर बोलत नाही. यांनी हिचा आवाज कधी ऐकला नव्हता." टक. "गेल्या महिन्यात म्हणाले, कुणी तरी परीक्षा घ्यायला पाहिजे ना तिची. आकडे मला वाचता येतात. तेव्हापासून रोज बसतात. ती मला सांगतेय असं दाखवून म्हणते, आणि हे ऐकतात. बरोबर असलं की एक टक, चुकलं की दोन."

"दोन किती वेळा होतात?" कीर्तीनं विचारलं.

"आठ दिवसांत एकदाही नाही."

एकशे चौदा. टक. आणि मग मनभर न अडखळता पुढे गेली. एकशे पंधरा, औरस संतान. टक. एकशे सतरा, दहेज मृत्यू. टक. एकशे वीस, एस्टॉपेल. टक. म्हातारा अगदी मन लावून, ओठ हलवत, कीर्तीच्या हिरव्या आकड्यांवरून बोट फिरवत होता. शेवटचं कलम झाल्यावर त्यांनी काठी दोनदा नाही, तीनदा वाजवली, आणि खोकल्यासारखं हसले. मग चष्मा काढून ते गुरांकडे निघून गेले.

मनभरनं घूंघट वर केला. घामानं निथळत होती, आणि कीर्तीनं तिला इतकी आनंदात कधी पाहिली नव्हती.

"तू कशाला आलीस एवढ्या उन्हात? अभ्यास सोडून?"

"दीदी, तक्त्याचं जरा..."

"थांब, आधी मला तुला काही दाखवायचंय." ती आत जाऊन कायद्याचं पुस्तक घेऊन आली. बसस्टँडवर मिळतं तसलं, पातळ कागदाचं, हिंदी. "बघ. या पुस्तकाची छपाई अशी रद्दी आहे. एकशे पंधरापासून पुढे सगळे आकडे चुकलेत. मी आधी घाबरले. मग म्हटलं, कीर्ती चुकायची नाही, पुस्तकवाले चुकले. तुझ्या तक्त्यावरून सगळं सुधारून घेतलं बघ."

तिनं पानं उलटली. प्रत्येक कलमाचा छापलेला आकडा निळ्या पेनानं खोडला होता आणि वर चुकीचा आकडा लिहिला होता. एकशे एकवीस खोडून एकशे वीस. पानामागून पान. आणि एकशे पंधरावरचं ते कलम, तक्त्यात नव्हतंच म्हणून, तिनं आडवी रेघ मारून पूर्ण काढून टाकलं होतं. रेघ पट्टीनं मारलेली होती. ते ती कीर्तीकडूनच शिकली होती.

कीर्तीला रडायला येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"दीदी," ती म्हणाली, "तिसऱ्या पानावर..."

मनभरनं ओलाच हात तिच्या तोंडापुढे धरला. "आज नवीन काही सांगू नकोस, बाई. माझं डोकं काठोकाठ भरलेली घागर आहे. एक थेंब घातलास की सांडेल. जे काही असेल ते पेपरनंतर सांग." आणि मग हलक्या आवाजात, "मागच्या दोन्ही वेळी माझ्या पाठीमागे कुणी नव्हतं. या वेळी अख्खं घर आहे. मला भीतीच वाटत नाहीये, हे कसं काय, सांग बरं."

कीर्तीनं तोंड उघडलं. आता, एवढ्या क्षणी, बोलता आलं असतं. हात बाजूला सारून बोलता आलं असतं. पण तिला जे जाणवलं ते भयंकर होतं: तिला हायसं वाटलं होतं. दीदीनंच नको म्हटलं. आपण आलो होतो, सांगणार होतो, दीदीनंच सांगू दिलं नाही. ती गरम पोळी खाऊन, तूप-गुळासकट, परत निघाली. बसमध्ये खिडकीशी बसून तिनं स्वतःला तन्मयचे शब्द पुन्हा पुन्हा ऐकवले, आणि सांगानेरी गेटपर्यंत येईतो तिला तिचा स्वतःचाच इतका राग आला होता की ती दोन स्टॉप आधी उतरून उन्हातून चालत राहिली. मग थकली. घरी येऊन तिनं आपलं तिसरं पान कोऱ्या कागदावर दुरुस्त करून लिहिलं, प्रत्येकात एक मिळवून, आणि पाठ केलं.

सोमवारी पेपर हातात पडला. पहिल्या भागातल्या दहा प्रश्नांपैकी चार तिसऱ्या पानावरचे होते. मोठ्या प्रश्नांत पहिलाच एस्टॉपेलचा, कलमासह स्पष्ट करा. कीर्ती बराच वेळ पेन हातात धरून बसली. दोन बाकं पुढे मनभरची पाठ दिसत होती, डोक्यावर ओढणी, मान खाली, आणि डावा हात बाकावर हलके हलके ठेका धरत होता. ती पहिल्यापासून म्हणत चालली होती. हात एकदाही अडखळला नाही.

आपण निदान एकशे वीस लिहावं, असं कीर्तीच्या मनात आलं. एवढं तरी. दोघींचं मिळून चुकू दे. मग तिनं छान अक्षरात एकशे एकवीस लिहिलं, कारण तिलाही पास व्हायचं होतं.

सुटल्यावर फाटकाबाहेर गर्दी होती, उसाच्या रसवाल्याच्या घुंगरांचा आवाज, आणि मुलं एकमेकांना उत्तरं विचारत होती. तन्मय लांबूनच कीर्तीशी नजर मिळवून निघून गेला. मनभर गर्दीतून वाट काढत आली आणि तिनं कीर्तीला मिठी मारली. आठ वर्षं चौकात घूंघटात राहिलेली बाई, भर रस्त्यात.

"सगळं आलं," ती म्हणाली. "एकही सुटलं नाही. एस्टॉपेल आलं तेव्हा मला हसूच फुटलं. तू काल काय सांगणार होतीस?"

"काही नाही, दीदी."

"तक्त्याचं काही तरी."

"नाही. सहज आले होते."

मनभरनं घरी फोन लावला. सासूबाईंशी बोलली, हसली, मग डोक्यावरची ओढणी पुढे ओढून घेतली, फोनवरसुद्धा, आणि फोन कीर्तीपुढे धरला. "ते आहेत. मी कशी बोलणार त्यांच्याशी. तू बोल."

कीर्तीनं फोन कानाला लावला. पलीकडे म्हशीचं हंबरणं ऐकू आलं, मग घसा साफ केल्याचा आवाज.

"बेटी," सासरे म्हणाले, "मी काल म्हटलं नाही, पण हे तुझ्यामुळे झालं. आता पुढच्या वर्षाचे कागद बनव. मी आकडे वाचीन." आणि थोडं थांबून त्यांनी विचारलं, "निघेल ना ती या वेळी?"

मनभर घूंघटाच्या आडून तिच्याकडे बघत होती. तिला फक्त कीर्तीचं बोलणं ऐकू येणार होतं.

"हो जी," कीर्ती म्हणाली. "निघेल."